दोरीला बांधलेले ठोकळे आणि बायो घेण्याचा सल्ला

आदरणीय मॅडम,

मी अकरावी सायन्सला आहे, मानेवाड्याला राहते. न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ आहेत. एकच वस्तू असली की गणित सुटतं, पण दोन वस्तू जोडल्या की डोकं बंद पडतं. परवाच्या टेस्टमध्ये असं होतं : गुळगुळीत टेबलावर ४ किलोचा ठोकळा. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली येते आणि टोकाला १ किलोचा ठोकळा लटकतो. त्वरण आणि दोरीतला ताण काढा. मी म्हटलं, खाली १ किलो लटकलाय म्हणजे ताण ९.८ न्यूटन. मग वरच्याचं त्वरण ९.८ भागिले ४, म्हणजे २.४५. उत्तर आहे १.९६. क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, सूत्र पाठ कर, टाइम वेस्ट नको करू. माझी मैत्रीण कधी दोन्ही ठोकळे एकत्र धरते, कधी वेगळे, आणि तिचं बरोबर येतं. कधी काय धरायचं ते तिला कसं कळतं, हेच मला समजून नाही राहिलं. बाबा म्हणतात, जमत नसेल तर मॅथ्स सोड, बायो घे. घेऊ का?

– एक विद्यार्थिनी, नागपूर

*

प्रिय बेटा,

बायोचा प्रश्न आधी निकालात काढते, त्याला फार वेळ लागायचा नाही. मॅथ्स सोडून बायो घेतलंस तरी फिजिक्स काही सुटत नाही. मेडिकलच्या ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या १८० प्रश्नांपैकी ४५ फिजिक्सचे असतात, म्हणजे ७२० पैकी १८० गुण. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) गटालाही फिजिक्स आहे, आणि बारावी बोर्डाचा फिजिक्सचा पेपर दोन्हीकडच्या मुलांना एकच. झाडं, प्राणी, माणसाचं शरीर यात तुझं मन रमत असेल तर बायो खुशाल घे. पण दोरीला बांधलेल्या ठोकळ्यांना घाबरून घेणार असशील, तर ते ठोकळे तिथेही तुला भेटतील. एवढा परिच्छेद बाबांना वाचून दाखव आणि मग माझ्याकडे ये.

आता तुझं गणित. तुझ्या आकडेमोडीत काहीही चुकलेलं नाही. ताण ९.८ असता तर २.४५ हेच उत्तर आलं असतं. तर आपण तुझं म्हणणं खरं मानून पुढे जाऊ या आणि काय होतं ते बघू. वरच्या ठोकळ्याला तू विचारलंस, तो म्हणाला २.४५. खालच्याला विचारलंस का? त्याला पृथ्वी ९.८ न्यूटननं खाली ओढते आणि तुझ्या हिशेबानं दोरी ९.८ न्यूटननं वर ओढते. निव्वळ बल शून्य. सुरुवातीला तो स्थिर होता, म्हणजे आताही तो जागच्या जागी लटकून राहणार. आणि वरचा मात्र कडेकडे निघालाय! मग मधली दोरी ढिली पडेल. ढिल्या दोरीत कसला आलाय ताण?

म्हणजे दोन्ही ठोकळ्यांना एकाच वेळी विचारलं असतंस तर तुझं तुलाच कळलं असतं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. या प्रकारच्या गणितात ही तपासणी सगळ्यात स्वस्त आहे आणि फार थोडी मुलं ती करतात.

ताण म्हणजे लटकलेल्याचं वजन, हे डोक्यात येतं कुठून? आपण शाळेपासून जी लटकलेली वस्तू पाहतो ती शांत लटकलेली असते. भिंतीवरचं घड्याळ, छताचा पंखा, स्प्रिंगच्या काट्याला अडकवलेलं वजन. तिथे ताण वजनाइतका येतो, कारण तिथे त्वरण शून्य आहे. त्वरण शून्य नसेल तर हे समीकरण लागू होत नाही. तुझ्या गणितात दोन्ही ठोकळे वेग घेतायत. तेव्हा ताण किती, हे तुला कोणीही सांगितलेलं नाही. ते तुला शोधायचं आहे, त्वरणासारखंच.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्या चुकीचं मूळ इथेच आहे. १ किलोच्या ठोकळ्याचं वजन वरच्या ठोकळ्याला लागतच नाही. ते वजन म्हणजे पृथ्वीनं खालच्या ठोकळ्याला ओढणं. वरच्याला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याला स्पर्श करतात टेबल आणि दोरी, आणि त्याला स्वतःला पृथ्वी खाली ओढते. त्याच्यावर एवढीच तीन बलं. आकृतीत बाण काढताना प्रत्येक बाणापाशी ‘हे बल कोणी दिलं?’ असं विचार. पृथ्वीनं, टेबलानं, दोरीनं, हातानं, असं नाव घेता आलं पाहिजे. नाव सांगता येत नसेल तर तो बाण खोडून टाक. ‘वस्तुमान गुणिले त्वरण’ असा एक जादा बाण काढायची मुलांना खोड असते. तो कोणी दिला ते सांगता येत नाही, कारण ते वेगळं बल नाहीच. सगळी बलं मिळून झालेला तो परिणाम आहे. समीकरणात ते उजव्या बाजूला लिहायचं, आकृतीत नाही.

तर पुन्हा मांडू. दोरी ज्या दिशेनं धावणार ती दिशा धन धरायची : वरच्यासाठी कडेकडे, खालच्यासाठी खाली. वरच्या ठोकळ्याचं वजन आणि टेबलाचा रेटा एकमेकांना तोलून धरतात, आडव्या दिशेत फक्त दोरी उरते :

ताण = ४ × त्वरण

खालच्यावर पृथ्वी खाली, दोरी वर :

९.८ − ताण = १ × त्वरण

दोन्ही समीकरणांत त्वरण एकच लिहिलं, कारण दोरी ताणून लांब होत नाही. वरचा जेवढा सरकेल तेवढाच खालचा उतरेल. दोन्हींची बेरीज कर, ताण उडून जातो : ९.८ = ५ × त्वरण. त्वरण १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ताण ४ गुणिले १.९६, म्हणजे ७.८४ न्यूटन. खालच्यावर तपास : ९.८ वजा ७.८४ म्हणजे १.९६. १ किलोला १.९६ च्या त्वरणासाठी नेमकं एवढंच लागतं.

उत्तर जुळलं म्हणून लगेच पुढच्या गणिताकडे पळू नकोस. ७.८४ कडे थोडा वेळ बघ. पृथ्वी ९.८ नं ओढतेय, पण दोरीपर्यंत ७.८४ च पोचले. मधले १.९६ खालच्या ठोकळ्याला स्वतःला खाली पळायला लागले. आता वरचा ठोकळा ४ ऐवजी ९९ किलोचा करून बघ. त्वरण ०.०९८ आणि ताण ९.७ च्या आसपास. वरचा इतका जड की खालचा जवळजवळ शांत लटकलाय, म्हणून ताण जवळजवळ वजनाइतका. उलट वरचा पाव किलोचा केला तर त्वरण ७.८४ आणि ताण फक्त १.९६. खालचा जवळपास मोकळाच पडतोय, दोरीला काही काम नाही. तू धरलेला ९.८ हा आकडा म्हणजे वरचा ठोकळा हलवताच येणार नाही इतका जड असतानाचं उत्तर. असे टोकाचे आकडे घालून बघायची सवय लागली की अर्धी भीती जाते. आणि ही सवय कुठल्याच सूत्राच्या यादीत मिळत नाही.

हे हातानं बघायचं असेल तर घरी स्प्रिंगचा काटा आहे का बघ, रद्दीवाल्याकडे असतो तसा, सुईवाला. डिजिटल नको, तो आकडा गोठवून ठेवतो. त्याला १ किलो डाळीचं पाकीट अडकव आणि एखाद्या उंच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जा. लिफ्ट वर निघताना सुई १ किलोच्या पुढे सरकते, मधल्या प्रवासात १ वर येते, थांबताना मागे येते. लिफ्ट सुरू होताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर काटा साधारण १.१ किलो दाखवेल. पाकीट तेच, पृथ्वी तीच, बदलला तो ताण. हा प्रयोग मुलांना मी नेहमी करायला सांगते. वॉचमन काय म्हणेल ते मनावर घ्यायचं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. मैत्रिणीला कसं कळतं, कधी एकत्र आणि कधी वेगळे?

न्यूटनचा दुसरा नियम विचारतो, कोणत्या वस्तूबद्दल बोलताय? आणि वस्तू कोणती ते आपण ठरवायचं असतं. पेन्सिल घे आणि आकृतीत एक घेर काढ. घेराच्या आत जे आलं ती तुझी वस्तू. मग घेराच्या बाहेरून आतल्या गोष्टींवर जी बलं लागतात तेवढीच मोजायची. घेराच्या आतल्या आत जे चालतं ते मोजायचं नाही, कारण तिसऱ्या नियमानं आतली बलं जोडीजोडीनं सारखी आणि उलट असतात. एकत्र कुटुंबात मोठ्या भावानं धाकट्याला पाचशे रुपये दिले तर घरात एकूण पैसा तेवढाच राहतो, पण धाकट्याच्या खिशाचा हिशेब मांडायचा असेल तर ते पाचशे लिहावेच लागतात. मैत्रीण बघते एवढंच की प्रश्नात घराचं विचारलंय की खिशाचं.

त्वरण विचारलं आणि सगळे एकाच त्वरणानं चाललेत, तर सगळ्यांभोवती एक घेर काढ. ताण विचारला, किंवा दोन वस्तू एकमेकींना किती रेटतात ते विचारलं, तर घेर नेमका त्या दोरीला कापून गेला पाहिजे. घेरानं दोरी कापली की ताण बाहेरचं बल झाला, समीकरणात आला. आत राहिला तर तो कधीच सापडणार नाही. म्हणून बहुतेक गणितात आधी मोठा घेर काढून त्वरण मिळवायचं, मग छोटा घेर काढून ताण. छोटा घेर कोणाभोवती? ज्याच्यावर कमी बलं आहेत त्याच्याभोवती. तुझ्या गणितात वरच्या ठोकळ्याभोवती, कारण आडव्या दिशेत त्याच्यावर एकटी दोरी आहे.

कप्पी मध्ये आली की एक खुबी लक्षात ठेव. दोन ठोकळ्यांच्या दिशा वेगळ्या आहेत, एक आडवा आणि एक उभा, तेव्हा ‘एकत्र धरणं’ म्हणजे दोरीच्या वाटेनं बेरीज करणं. आपण वर दोन समीकरणं मिळवली तेच ते. कप्पी हलकी आणि बिनघर्षणाची असली तर दोरी फक्त वळते, ताण दोन्हीकडे सारखा राहतो. म्हणून चालतं. कप्पीच जड असली तर तिला फिरवायलाही काही लागतं आणि दोन बाजूंचे ताण वेगळे होतात. ते पुढच्या धड्यात येईल, आज नको.

दोरीऐवजी ठोकळे एकमेकांना चिकटून असले तरी हीच रीत. २ किलो आणि ३ किलोचे ठोकळे गुळगुळीत फरशीवर शेजारी ठेव आणि २ किलोच्या बाजूनं १० न्यूटननं ढकल. दोघांना मिळून त्वरण २. मागचा पुढच्याला किती रेटतो? वर्गात हमखास उत्तर येतं, १०. पण ३ किलोभोवती घेर काढ : त्याला २ च्या त्वरणासाठी ६ न्यूटन लागतात, म्हणजे रेटा ६. आता उलट बाजूनं, ३ किलोवरून ढकल. रेटा ४ येतो. हात तोच, ठोकळे तेच, त्वरण तेच, आणि मधला रेटा वेगळा. १० हे उत्तर देणाऱ्याला मी विचारते, मग मागच्या ठोकळ्यासाठी काय ठेवलंस?

हे सगळं वहीतच राहायला नको म्हणून आपल्या रुळांवर बघ. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना कोळसा लागतो आणि तो नेणाऱ्या लांबलचक मालगाड्या नागपूरकरांनी बंद फाटकाशी थांबून पुष्कळ पाहिल्या आहेत. भरलेली एक वाघीण ढोबळमानानं ८० टनांची धर, अशा ५० वाघिणी, आणि गाडी ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या मंद त्वरणानं निघतेय. घर्षण तूर्त बाजूला ठेव. इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या कपलिंगच्या मागे घेर काढला तर आत ५० वाघिणी, ४००० टन. तिथला ताण २,००,००० न्यूटन. शेवटच्या कपलिंगच्या मागे एकच वाघीण, ताण ४००० न्यूटन. एकाच गाडीत, एकाच वेळी, पन्नास पट फरक. प्रत्येक कपलिंग फक्त आपल्या मागचं ओझं ओढतं. इंजिनानं लावलेलं बल जसंच्या तसं शेवटपर्यंत जात नाही.

तुझ्या गणितात दोरीच्या दोन्ही टोकांना ताण सारखा का, याचं उत्तरही इथेच आहे. दोरीभोवतीच घेर काढ. तिचं वस्तुमान शून्य धरलंय, म्हणजे तिला वेग घ्यायला निव्वळ बल लागतच नाही, म्हणून दोन्ही टोकांची ओढ सारखी. मालगाडी म्हणजे जड दोरीच, तिच्यात ताण टोकाटोकाला बदलतो. पुस्तकात ‘वस्तुमानरहित दोरी’ असं लिहिलेलं वाचून आपण पुढे जातो. ते दोन शब्द नसतील तर ‘दोन्हीकडे ताण एकच’ असं लिहायचा अधिकार आपल्याला नाही. आणि हो, दोरीनं वरच्याला ओढणं आणि दोरीनं खालच्याला ओढणं ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. जोडी असते दोरी ठोकळ्याला ओढते आणि ठोकळा दोरीला ओढतो, अशी, दोनच वस्तूंमधली. तोंडी परीक्षेत हे विचारतात.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं कधी आली असशील तर कसाऱ्याला गाडी थांबून मागून धक्का बसल्याचं आठवेल. इगतपुरीपर्यंतचा थळ घाट १ : ३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. ५० टनांचा एक डबा त्या चढावर नुसता धरून ठेवायला साधारण १३,००० न्यूटन लागतात. आता पुढून ओढ, मागून रेटा. पुढच्या कपलिंगमध्ये ताण आहे, मागच्या कपलिंगमध्ये दाब आहे. मग मध्ये कुठेतरी ना ताण ना दाब अशी जागा असणार. डबे सारखे आणि दोन्हीकडचा जोर सारखा असेल तर ती जागा गाडीच्या बरोबर मध्यावर येते. घेर काढून पडताळून बघ : मध्यापासून पुढचे डबे पुढच्या इंजिनाच्या वाट्याला, मागचे मागच्याच्या. हे गणित मला पाठ्यपुस्तकातल्या ठोकळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आवडतं, आणि ते कोणत्याही सूत्रात बसत नाही.

सूत्राबद्दल. ‘ओढणारं बल भागिले एकूण वस्तुमान’ हे तुमच्या सरांचं सूत्र चुकीचं नाही. तो मोठा घेरच आहे, फक्त घेर पुसून टाकलेला. परीक्षेत वेळ कमी असतो, मुलांना उत्तर लवकर लागतं, सरांचीही अडचण मला समजते. पण अकरावीच्या ऑगस्टमध्ये ते सूत्र हातात देणं मला पटत नाही. प्रश्न थोडा वाकडा आला की मूल उघडं पडतं. तुझंच गणित घे आणि टेबल खडबडीत कर. स्थितिक घर्षण गुणांक ०.३ असेल तर टेबल वरच्या ठोकळ्याला जास्तीत जास्त ०.३ × ४ × ९.८ म्हणजे ११.७६ न्यूटनपर्यंत धरून ठेवू शकतं. खालून ओढ ९.८ चीच. मग काहीच हलणार नाही! त्वरण शून्य, आणि ताण, बघ गंमत, ९.८ न्यूटन. तुझं मूळचं उत्तर इथे बरोबर आहे. घर्षणही इथे ११.७६ नाही, ९.८ च आहे. घर्षण लागेल तेवढंच येतं, ११.७६ ही त्याची मर्यादा. सूत्रवाला विद्यार्थी ९.८ मधून ११.७६ वजा करतो, उत्तर ऋण येतं, आणि वरचा ठोकळा कप्पीपासून दूर पळायला लागतो.

आता गुळगुळीतपणा थोडा वाढव, ठोकळा घसरायला लागला आणि गतिक घर्षण गुणांक ०.१ आहे. घर्षण ३.९२. मोठ्या घेरानं : ९.८ वजा ३.९२, भागिले ५, त्वरण १.१७६. छोट्या घेरानं वरून : ताण वजा ३.९२ बरोबर ४ × १.१७६, ताण ८.६२४. खालून : ९.८ वजा १.१७६, तेही ८.६२४. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की पेन खाली ठेवायला हरकत नाही. ताण ९.८ पेक्षा कमी आणि घर्षण नसतानाच्या ७.८४ पेक्षा जास्त आलाय, तो का, ते तूच सांग.

आणि ‘सगळ्यांचं त्वरण एकच’ हेही दरवेळी खरं नसतं. क्रेनच्या हुकाशी जी खाली-वर होणारी कप्पी असते तशी सरकती कप्पी गणितात आली, तर दोरीचं टोक २ मीटर ओढल्यावर कप्पी १ मीटरच सरकते, त्वरणही निम्मं. तिथे आधी दोरीची लांबी मोजायची, मग समीकरण.

कप्पीच्या दोन्ही बाजूंना वजनं लटकवलेलं जे यंत्र तुमच्या पुस्तकात आहे, ते जॉर्ज ॲटवुड या केंब्रिजच्या शिक्षकाचं. १७८४ साली त्यानं ते प्रसिद्ध केलं. मुलांना ते परीक्षेसाठी रचलेलं संकट वाटतं, पण त्याला पडणारी वस्तू सावकाश पडायला हवी होती. त्या काळच्या घड्याळांनी १ मीटर मोकळं पडणं मोजायचं म्हणजे कठीणच, ०.४५ सेकंदात खेळ खलास. एका बाजूला ५०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला ५१० ग्रॅम लावले की निव्वळ ओढ फक्त १० ग्रॅमच्या वजनाची, आणि हलवायचं मात्र १०१० ग्रॅमला. त्वरण १०१ पटीनं कमी होतं, वेळ दहापट वाढतो : तेच १ मीटर ४.५ सेकंदांत. म्हणजे ‘ओढणारं बल वेगळं, हलणारं वस्तुमान वेगळं’ ही जी गोष्ट तुला छळतेय, तिचाच त्यानं उपयोग करून घेतला. तुमच्या लिफ्टच्या मागेही असंच असतं. केबिनच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला जड प्रतिवजन असतं, केबिन आणि साधारण अर्धं प्रवासी-वजन मिळून होईल एवढं, म्हणजे मोटारीला फक्त फरकापुरतं ओढावं लागतं.

सरावाचं सांगते. रोज वीस-पंचवीस गणितं उरकण्यापेक्षा पंधरा दिवस रोज दोनच कर, पण एका गणिताला एक पान दे. आकृती मोठी काढ. तुम्ही क्लासमध्ये ज्याला एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) म्हणता ती बोटाएवढी काढली तर बाण एकमेकांवर चढतात आणि कोण कोणाला ओढतंय तेच दिसेनासं होतं. घेर पेन्सिलनं काढ, दुसऱ्या प्रश्नासाठी खोडून नवीन काढता येतो. आकडे शेवटी घाल. उत्तर आलं की दुसऱ्या वस्तूवर तपास. मैत्रिणीबरोबर बसत असशील तर तिला विचार की तू घेर कुठे काढलास. तिला कदाचित शब्दांत सांगता येणार नाही. सांगायला लागली की तिचंही पक्कं होईल.

आणि हे एक गणित माझ्याकडून. गुळगुळीत टेबलावर १, २ आणि ३ किलोचे ठोकळे याच क्रमानं ओळीत आहेत, मध्ये दोन हलक्या दोऱ्या. आधी ३ किलोच्या बाजूनं १२ न्यूटननं ओढ आणि दोन्ही दोऱ्यांतला ताण काढ. मग १ किलोच्या बाजूनं तेवढ्याच बलानं ओढ आणि पुन्हा काढ. एका दोरीतला ताण एकदम बदलेल, दुसरीतला दोन्ही वेळा सारखाच येईल. कोणत्या दोरीतला, आणि का, ते मला कळव. नुसता आकडा पाठवू नकोस, घेर काढलेली आकृतीही पाठव.